जावयाच्या गाडीचे ब्रेक

"ही भोकं कशासाठी?" मी विचारलं.

शनिवारी जावयाने माझ्या गॅरेजातल्या बाकावर ब्रेकच्या दोन कोऱ्या डिस्क ठेवल्या होत्या. चकचकीत, आणि चाळणीसारखी भोकं पाडलेल्या. अशा डिस्क विकणारा एक आणि विकत घेणारा दुसरा, दोघांनाही मी चांगला ओळखून आहे.

"उष्णता बाहेर जाते, बाबा. शिवाय वजन कमी होतं."

"वजनच कमी करायचं तर आधी स्वतःचं करा. गाडीचं मग बघू."

तो हसला. मी काहीही बोललो तरी हा माणूस हसतो, आणि तेच मला सहन होत नाही. माणसाने अपमान केला तर समोरच्याने निदान तो करून तरी घ्यावा. एका कचेरीत दिवसभर विमा अर्जांवर सह्या करणारा हा गृहस्थ, वर्षातून तीनदा रविवारी हेल्मेट चढवून शर्यतीच्या ट्रॅकवर जातो आणि सोमवारी पुन्हा सह्या करतो. असले रविवारचे शूर माझ्याकडे पुष्कळ येतात. चाकाआडच्या कॅलिपरला लाल रंग, दारांवर पट्टे, आणि आत ब्रेक ऑइल चार वर्षांपूर्वीचं, काळं पडलेलं. बडा घर पोकळ वासा. मी सत्तावीस वर्षं फक्त ब्रेकचं काम करतो. इंजिनाला हात लावत नाही. गाडी पळवण्याची अक्कल ज्याच्या त्याच्याकडे असते, थांबवायची वेळ आली की सगळे माझ्या दारात.

भिंतीवरच्या खिळ्याला एक जुनी भोकांची डिस्क टांगलेली आहे, ती काढून मी त्याच्या हातात दिली.

"बोट फिरवा. काय लागतं?"

"चीर आहे."

"या भोकापासून त्या भोकापर्यंत. ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्या झाल्या की डिस्क तापून लाल होते, आणि तडा जायला लोखंडाला भोकाचीच वाट सापडते. भोकं दाखवायला बरी. जोरात चालवायची असेल तर साधी, जाड, चांगल्या ओतकामाची डिस्क घ्यावी. दिसायला काही नाही, पण फुटत नाही."

त्याने खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. चिरेचं चित्रही काढलं. मला हसू आलं. भोकांच्या डिस्क परत गेल्या, दुपारपर्यंत साध्या आल्या. इथवर माझा विजय होता आणि मी खूश होतो.

मग त्याने डिस्कला दोन्हीकडून दाबून धरणाऱ्या पॅडचा डबा उघडला. अस्सल शर्यतीचे पॅड.

"उद्या ट्रॅकवर हे मात्र हवेतच, बाबा. सातशे डिग्रीपर्यंत टिकतात."

आता इथे मी काय सांगायला हवं होतं ते सांगतो. रस्त्यावरचा पॅड थंड असतानाच पकड घेतो. घरातून निघालात, पहिल्याच वळणावर कुत्रं आडवं आलं, पाय दाबला, गाडी थांबली. पण तोच पॅड ट्रॅकवर तापला की ढिला पडतो आणि पाय कितीही दाबला तरी गाडी पळतच राहते. शर्यतीच्या पॅडचं नेमकं उलट. तापला की राक्षसासारखा धरतो, थंड असला की साबणाच्या वडीसारखा डिस्कवरून घसरतो. म्हणून वर्षातून तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने मधल्या जातीचा पॅड घ्यावा, ऑइल ताजं ठेवावं आणि गप्प बसावं. शर्यतीचाच हवा असेल, तर ट्रॅकला जाण्याआधी बसवावा आणि आल्याबरोबर काढावा.

माझ्या गॅरेजात यासाठी एक रीत आहे. शर्यतीचे पॅड बसवले की जुने पॅड फडक्यात बांधून मी शेजारच्या सीटवर ठेवतो आणि गिऱ्हाइकाला समोर उभं करून वदवून घेतो: थंड गाडी रस्त्यावर काढणार नाही, परत आल्यावर आधी पॅड बदलीन. पाढे म्हणवून घेतात तसं. मोठमोठ्या साहेबांनी निमूटपणे म्हटलेलं आहे. जो म्हणणार नाही त्याला किल्ली मिळत नाही.

मी तोंड उघडलं होतं. इतक्यात जावई म्हणाला, "पॅडचं सांगू नका, बाबा. त्याबद्दल मी सगळं वाचलंय."

वाचलंय. ठीक आहे. मी तोंड मिटलं, पॅड बसवले, जुने पॅड माझ्याच खणात टाकले आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. शनिवारी-रविवारी रस्ते रिकामे, निभावून जाईल; पण सोमवारी सकाळी हा थंड गाडी काढील, पहिल्या सिग्नलला पुढच्या गाडीच्या मागे हलकेच टेकेल, चारचौघांत शिव्या खाईल आणि हातात वही घेऊन माझ्याकडे येईल, हे मला दिसत होतं. एकदा जिरायला हवी होती त्याची. रविवारभर त्या विचाराने मला फार बरं वाटत होतं, जेवणही चार घास जास्तच गेलं.

जेवत असतानाच त्याचा ट्रॅकवरून फोन आला. "बाबा, कसले जबरदस्त ब्रेक लागतायत. सगळे विचारतायत, कोणी बसवले म्हणून. मी तुमचं नाव सांगितलं."

"हूं," मी म्हणालो. "जेवतोय मी."

सोमवारी सकाळी गाडी माझ्या लेकीने काढली.

ती दंतवैद्यांसाठी दात बनवते. तांदळाएवढ्या तुकड्यावर कानस चालवते, आणि हाताचा कस इतका की डॉक्टर तिच्याच कामासाठी थांबून राहतात. तो हात माझा आहे असं मी लोकांना सांगत आलो. त्या दिवशी तिला लवकर जायचं होतं. गाडी दोघांची होती. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण माझ्या डोक्यात ती त्याची गाडी होती, कारण मला जिरवायची त्याची होती.

इमारतीच्या वाहनतळातून फाटकाकडे उतार आहे. खाली एक म्हातारे गृहस्थ सावकाश रस्ता ओलांडत होते. तिने पाय दाबला. गाडी सरकतच राहिली. तिने आणखी दाबला, आणि मग स्टिअरिंग फिरवून गाडी सरळ फाटकाच्या खांबावर घातली. म्हाताऱ्यांना काही झालं नाही. हिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता आणि जावई भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. माझ्या बायकोने त्याला धारेवर धरलंच.

"यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं का? सगळ्या जगाला सांगत असतात, थंड गाडी काढू नका म्हणून."

जावयाने माझ्याकडे पाहिलं. निमिषभरच.

"सांगितलं होतं, आई," तो म्हणाला. "मीच विसरलो."

मी ते तसंच चालू दिलं. घरी येताना बायको वाटभर त्याला नावं ठेवत होती आणि मी मान हलवत होतो. आयुष्यात मला बऱ्याच लोकांची किळस आली आहे, पण त्या दिवशी जितकी किळस मला एका माणसाची आली तितकी कधी आली नव्हती, आणि तो माणूस त्या वेळी आमची गाडी चालवत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. जावई स्वयंपाकघरात चहा टाकत होता.

"मी त्यांना पॅडचं सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

"माहितेय."

"त्यांनी सांगितलं?"

"तो कशाला सांगेल? तुमचा शब्द न् शब्द तो वहीत लिहितो, बाबा. शनिवारच्या पानावर भोकांचं सगळं आहे. पॅडचं एक अक्षर नाही." ती प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवून बघत होती. अंगठा नीट हलत नव्हता. "का नाही सांगितलंत?"

"जिरवायची होती त्याची."

"जिरली का मग?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता. मला म्हणाली असती, चालते व्हा, तर मी उठून गेलो असतो. चहा आला आणि आम्ही तिघांनी तो प्यायला.

सात आठवड्यांनी पत्र्याचं काम होऊन गाडी माझ्याकडे आली. दोघंही आली. डॉक्टर म्हणाले होते की हाताला जोर येईल, बारीक कामाचं मात्र बघावं लागेल. तिने अजून कानस हातात घेतली नव्हती.

"बाबा, आता कुठले पॅड?" जावयाने विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कुठला थंड असताना धरतो, कुठला तापल्यावर, तुम्हाला मधला का बरा. एकही टोमणा मारला नाही. मग त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि त्याने म्हटलं. ती मात्र आत बाकावर बसली नाही. मी चाक काढल्यापासून बोल्ट आवळेपर्यंत ती माझ्या खांद्यामागे उभी राहून माझे हात बघत होती. मी तिला दोनदा 'बस' म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून आठ-दहा वेळा वेगातून दाबून घ्यावे लागतात. मागच्या मोकळ्या रस्त्यावर मी स्वतः ते करून आलो आणि किल्ली तिला दिली. अठराव्या वर्षापासून तिच्या हाताखालच्या प्रत्येक गाडीचे ब्रेक मी बसवले आहेत. किल्ली घ्यायची आणि आवारातून भुर्रकन निघून जायचं, ही तिची पद्धत.

तिने गाडी सुरू केली. चार हात पुढे नेली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. आणखी चार हात नेली, पुन्हा दाबला. फाटकापाशी गेल्यावर तिसऱ्यांदा. मी हात पुसत उभा होतो. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता, तरी तिने चौथ्यांदा दाबून पाहिला.