दूध काय खातात?

मी एक जुनी वाटी आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातली नव्हे, नाकावर ठेवायची. दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या हाताला एक यंत्र आहे. त्याच्या दोन नळ्या माझ्या दोन बाजूंना जोडतात. त्यांतून हसवणारा वायू आणि प्राणवायू येतो. माणूस नाकाने तो ओढतो आणि हातपाय सैल सोडून खुर्चीत पसरतो. रंग करडा, अंग मऊ आणि स्वभाव कडक, अशी माझी ओळख. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पण माणसाच्या नाकाशी इतकी वर्षं बसल्यावर जे कळतं, ते कुठल्या शाळेत शिकवतात?

माझा जन्म साच्यात झाला. तापलं रबर ओतलं, दाबलं, गार केलं, की झाले मी. कडेला रबराची झालर राहिली होती, ती एका बाईने कात्रीने जपून कापली. "पोरांच्या गालाला टोचायला नको," असं ती शेजारणीला म्हणाली. मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते. तेव्हापासून मला बोलणं कामाचंच आवडतं.

दवाखान्यात आल्यावर सर्जनबाईंनी मला आधी स्वतःच्या नाकाला लावून पाहिलं. तेव्हा त्या नवीन होत्या. माझ्या डोळ्यांदेखत शिकल्या. आता मोठं नाव झालंय, पण अजून कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधतात. दर रोग्यानंतर सिस्टर मला साबणाने धुवायची आणि वाफेच्या डब्यात घालायची. ती वाफ सोसणं येरागबाळ्याचं काम नव्हे. किती नाकं पाहिली म्हणून सांगू! चपटी, धारदार, शेंबडी. शेंबड्यापुढे मात्र माझी मात्रा चालत नाही. नाकच चोंदलेलं, तर वायू जाणार कुठून? एक दांडगा पैलवान सुई पाहून रडायला लागला होता. माझ्यातून चार श्वास घेतले आणि खुदकन हसला. मग जो तो म्हणायचा, "वाटी लावा, वाटी." मला कौतुकाची चटक लागली. खोटं कशाला बोलू?

मग नव्या आल्या. गुलाबी, एकदा वापरून फेकायच्या, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या. अर्ध्या तासाचं आयुष्य आणि तोरा केवढा! मी गेले खणात, कापसाच्या बोळ्यांशेजारी. कधीमधी गरज लागेल म्हणून सिस्टर आठवड्याला धुऊन ठेवायची, एवढाच काय तो मान. पण खण नीट लागत नसे, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

बबडी चौदा वर्षांची. तिचा वरचा एक सुळा उगवलाच नव्हता. टाळूत आडवा दडून बसला होता आणि शेजारच्या दाताचं मूळ खात होता. टाळूची हिरडी उघडायची, सुळ्याला बारीक साखळी चिकटवायची आणि मग तारेने त्याला हळूहळू जागेवर ओढायचं, असं काम होतं. बबडी दोनदा खुर्चीपर्यंत येऊन पळाली होती. एकदा तर एक चप्पल जिन्यात टाकून.

"आता उशीर केलास तर सुळ्यापायी शेजारचा चांगला दातही जाईल," सर्जनबाई म्हणाल्या.

"मग मला झोपवून टाका. मला काही कळायलाच नको."

भूल देणारे डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "हिरडी बधिर करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं. जोडीला काय हवं, ते ठरवू. वाटीतून वायू घेतलास तर जागी राहशील, पण भीती पातळ होईल. गोळीही आहे, पण ती कुणाला किती चढेल, नेम नाही. शिरेतून औषध दिलं तर डुलकी लागेल, हाक मारली तर ओ देशील, नंतर फारसं आठवणार नाही. अगदी पूर्ण झोप हवी, तर मोठ्या रुग्णालयात. पण माशी मारायला तोफ कशाला?"

"शिरेतून," बबडी म्हणाली.

"मग त्या दिवशी सकाळी काही खायचं नाही. भूल मी देतो, चूक तुम्ही करायची नाही!" हा विनोद ते सगळ्यांना सांगतात आणि हसतात एकटेच. त्यांनी सूचनांचा कागदही दिला. बबडीच्या आत्याने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला, तो तिथेच राहिला.

ठरल्या सकाळी आत्या तिला हाताला धरून घेऊन आली. बबडीचे ओठ पांढरे पडले होते. आधी नुसता प्राणवायू द्यायचा म्हणून सिस्टरने गुलाबी वाटी लावली, तर त्या वासाने पोरीला उमासेच यायला लागले.

"बिनवासाची नाही का हो?" बबडीने विचारलं.

निघाले मी खणातून! पट्टा डोक्यामागे बसला, बबडीने श्वास सोडला, आणि मला वास आला. दूध! चांगलं सायीचं, साखर घातलेलं.

"काही खाल्लं नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो, घासभरसुद्धा नाही," आत्या म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती.

डॉक्टरांनी औषध सिरिंजमध्ये भरलं. भरल्या पोटी डुलकी लागली आणि दूध उलटलं, तर ते थेट श्वासनळीत जायचं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठलं? मी घसरले. नाकावरून सरळ हनुवटीवर. पट्टा जुना होता असं सगळे म्हणतात. म्हणू देत.

सिस्टर मला सारखी करायला वाकली आणि दुधाच्या वासाने थबकली. "बबडे, काय प्यायलीस गं?"

"दूध. मोठा पेला."

डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "अहो, उपाशी ठेवायला सांगितलं होतं ना?"

"उपाशीच आहे की!" आत्या उसळली. "तुम्ही म्हणालात, खायचं नाही. दूध काय खातात? पितात!"

मग डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. मी खाण्याचंच बोललो. भूलही माझी आणि चूकही माझीच." या वेळी मात्र ते हसले नाहीत. "पोरीच्या पोटात काहीतरी असावं म्हणून दिलं हो," आत्या पुटपुटली.

"शिरेतलं औषध आज नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात या. बबडे, पळणार नाहीस ना?"

बबडीने जिन्याकडे पाहिलं. "घरी गेले तर मी येणार नाही. मला माहीत आहे." मग मला बोट लावून तिने विचारलं, "हिच्यासाठी उपाशी राहावं लागतं का?"

"वायूला तसं लागत नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "पण तू जागी असशील."

"दुखलं तर?"

"डावा हात वर कर. मी थांबेन."

बबडीने मला स्वतःच नाकावर दाबून धरलं. चाळीस मिनिटं. हात दोनदा वर झाला आणि दोन्ही वेळा सर्जनबाई थांबल्या. एकदा बधिर करायचं औषध आणखी द्यावं लागलं. दुसऱ्यांदा तिला इतकंच विचारायचं होतं, "आत्या रडतेय का?"

"रडतेय," सिस्टर म्हणाली, "पण बिस्किटही खातेय." बबडी माझ्या आत फसकन हसली. साखळी लागली, टाके पडले. सुळा खाली यायला वर्ष लागेल म्हणे, लागू दे.

त्या दिवशीच्या वाफेनंतर सिस्टरला माझ्या कडेला भेग दिसली. सर्जनबाई हळहळल्या. "चिकटवून बघू का?" मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, बाई, वेडेपणा करू नका. भेगेतून वायू खोलीत गळतो, आणि दिवसभर तिथे उभी असते ती सिस्टर. आता मी कपाटात आहे, यंत्रापासून लांब.

मित्रांनो, वस्तूला जीव लावा, धुऊनपुसून ठेवा. पण तिचे दिवस भरले की प्रेमापोटी तिला कामाला जुंपू नका. आणि भूल घ्यायची वेळ आली, तर पोटात गेलेला घोट न घोट सांगा, कुणी नीट विचारो न विचारो. लाज वाटेल, कुणी ओरडेल, ओरडू दे. लाज श्वासनळीत अडकत नाही, दूध अडकतं.