चौथा गडी

"अहो, तेरा नंबरच्या वहिनी! येता का खेळायला? वैद्य वहिनी माहेरी गेल्यात, चौथा गडी कमी पडतोय."

मालिनीने आधी मागे वळून पाहिलं. मागे तिच्याच घराच्या दाराशिवाय काही नव्हतं.

समोरच्या मोकळ्या जागेतून सुधाताई हाक मारत होत्या. पदर कमरेला खोचलेला, अंगात नवऱ्याचा स्वेटर, हातात तांबडी रबरी रिंग. नाशिकरोडच्या या सरकारी क्वार्टर्समध्ये येऊन मालिनीला आठ महिने झाले होते. संध्याकाळचे पाच वाजले की बायका दोन बांबूंना जाळं बांधत, आणि ती अकरा महिन्यांच्या सुजाताला मांडीवर घेऊन पायरीवरून बघत बसे. रिंग झेलायची, लगेच परत फेकायची, खाली पडली की पॉइंट गेला. बघून बघून तिला सगळं पाठ झालं होतं. कुणाची सर्व्हिस जाळ्यात अडकणार, हे फेकणारीच्या आधी तिला कळायचं. बी. ए. झालेली बाई, पण लगोरीपलीकडे आयुष्यात काही खेळली नव्हती.

"मला येत नाही हो."

"आम्हाला तरी कुठे येतंय? या बोरसे वहिनींनी सहा महिन्यांत एक रिंग झेललेली नाही!"

"झेलली की! नाकावर," बोरसे वहिनी म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. मालिनीही हसली, जरा उशिरा.

तिने सुजाताला जाळ्याच्या कडेला सतरंजीवर बसवलं, पुढ्यात खुळखुळा ठेवला. पाचसहा हातांवर, मेंदीच्या कुंपणाला लागून सगळ्यांचा पाण्याचा तांब्या होता, त्यावर पालथा पेला. तो कुठे आहे हे तिने नीट बघून ठेवलं.

ही तिच्या आईची शिकवण. "बाहेर कुणाच्या पाण्याला आपणहून हात लावू नको. दिलं तर घे." तेव्हा मालिनी कॉलेजात होती. तावातावाने म्हणाली होती, "आई, दिवस बदललेत आता." आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बदलू दे की. मला काय नको हाय?"

तेरा नंबरचं दार उघडं असलं, की समोरच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी बाहेरून दिसत. त्यावरून कुणी कधी काही बोललं नव्हतं. कुणी कधी आतही आलं नव्हतं.

पहिली रिंग आली आणि मालिनीने ती झेलली. संक्रांतीनंतरची थंडी होती, पण इतक्या जणींच्या तळव्यांतून फिरून रबर कोमट झालं होतं. तिने फेकली, पलीकडून सुधाताईंच्या जावेने झेलली, परत आली. या हातातून त्या हातात. कुणी क्षणभरही थांबत नव्हतं.

"अगंबाई! छुप्या रुस्तम निघाल्या की या!"

"आता वैद्य वहिनींनी माहेरीच राहावं," बोरसे वहिनी म्हणाल्या, आणि मालिनीचे कान गरम झाले.

चार-चार झाले. सुधाताईंनी रिंग उंच टाकली. सोपी होती, बरोबर मालिनीच्या डोक्यावर येत होती. हात वर करता करता तिने सवयीने कडेला नजर टाकली.

सतरंजी रिकामी होती. सुजाता रांगत तांब्यापाशी पोचली होती. पेला आडवा, आणि पोरीचा हात कोपरापर्यंत पाण्यात.

मालिनी रिंग सोडून तिकडे झेपावली. बांबूला ताण दिलेल्या दोरीत पाय अडकला आणि ती सगळ्या वजनानिशी डाव्या हातावर कोसळली. आधी आवाज ऐकू आला, मग कळ आली.

"अहो, रिंग डोक्यावर होती! तुम्ही निघालात कुठे?" बोरसे वहिनी म्हणाल्या.

आडवी पडल्या पडल्या मालिनीला दिसत होतं, सुधाताईंनी सुजाताला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने तांब्या उचलला आणि सगळं पाणी मेंदीच्या मुळाशी ओतून टाकलं.

लेकराचे हात मातीचे होते. कुणीही ओतलंच असतं. आपणही ओतलं असतं. पुढचा दीड महिना मालिनी स्वतःला हे सांगत राहिली.

दवाखान्यात कंपाउंडरने बांगड्या कापून काढल्या, डॉक्टरांनी हाड बसवून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

"कशाला गेलीस खेळायला?" परत येताना तिच्या नवऱ्याने, दिवाकरने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"बोलावलं म्हणून," मालिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघी भेटायला आल्या. सुधाताईंनी डब्यातून खिचडी आणली होती. दिवाकर चहा टाकायला उठला.

"छे छे, बसा हो तुम्ही! घरात हात मोडलाय आणि चहा कसला?"

तेही खरंच होतं.

वैद्य वहिनी माहेराहून परतल्या. मालिनी पायरीवरून बघत राहिली, आता प्लास्टरचा हात मांडीवर आणि पोर शेजारी. प्लास्टर निघालं तेव्हा उन्हं तापायला लागली होती. आतला हात निघाला तो पांढुरका, काडीसारखा. रबराचं काहीतरी रोज दाबत जा, असं डॉक्टर म्हणाले. हे कळल्यावर सुधाताई स्वतः पायरीपर्यंत आल्या.

"ही घ्या. दाबायला चांगली आहे."

तांबडी रिंग होती. एका बाजूला भेगाळलेली.

"मग खेळायला तुम्हाला?"

"आम्ही नवी आणली ना! ही राहू दे तुमच्याकडेच."

"हातात पकड आली की मीही येईन..."

"नको गं बाई! परत काही झालं तर आमच्या जिवाला घोर. तुम्ही आपल्या निवांत बसून बघा." सुधाताईंनी सुजाताच्या गालाला हात लावला, तो हात स्वतःच्या ओठांना लावला आणि गेल्या. माया खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मालिनी पायरीवर बसून रिंग दाबत होती. शेजारी घरचा पाण्याचा तांब्या. सुजाता आता धरून धरून उभी राहायची. भिंतीच्या आधाराने ती आली, वाकली आणि तिने हात तांब्यात घातला.

मालिनीचा हात झटकन पुढे गेला. मग थांबला.

पोरीने मन भरेस्तोवर पाणी खळबळवलं.

"चार-चार!" मैदानातून बोरसे वहिनी ओरडल्या.

मालिनीने रिंग मांडीवर ठेवली. डाव्या, बारीक झालेल्या हाताने तांब्या उचलला. थोडं पाणी पायरीवर सांडलं. उरलेलं ती सावकाश प्यायली.