परत पाठवलेलं पुस्तक

गहिनीनाथ कडलगच्या पोटात दुखायला लागलं ते एकाहत्तर सालच्या जानेवारीत, आणि त्याला कारण झाली एक रिकामी काचेची टाकी. संगमनेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो अकरा वर्षं डेमॉन्स्ट्रेटर होता. प्रवरेतले मरळ आणि वाम हे मासे त्याने तिथं वर्षानुवर्षं जगवले होते. पण पिकतं तिथं विकत नाही. नगरचा अलीम सय्यद मुंबईहून एम.एस्सी. होऊन प्राध्यापक म्हणून येतो काय, "आपण इथं समुद्र ठेवू" म्हणतो काय, आणि विभागप्रमुख त्याच्या नव्या टाकीसाठी खिडकीजवळची जागा मोकळी करून देतात काय. त्या जागेवर गहिनीनाथचा सात वर्षं डोळा होता.

अलीम माणूस सरळ होता, हेच जास्त खुपायचं. "मी समुद्रातले जीव कापून शिकलोय, पाळले कधीच नाहीत," हे तो स्वतःच सांगायचा. म्हणून आधी चांगलं पुस्तक हवं होतं. पुण्याच्या पुस्तकवाल्याने रिवाजाप्रमाणे चार पुस्तकं पसंतीसाठी पाठवली. आठ दिवस ठेवा, एक घ्या, बाकीची परत करा. नेमका तेव्हा अलीम समुद्राचं पाणी आणि जीव आणायला मुंबईला गेलेला. विभागप्रमुख म्हणाले, "कडलग, मासे तुम्हाला कळतात. तुम्हीच निवडा."

कळत तर होतंच. गहिनीनाथचा बाप बैलांच्या बाजारात सांगायचा, ज्याच्या बैलाला जन्मात काही झालं नाही त्याच्याशी सौदा करू नये. गहिनीनाथने पुस्तकांनाही तोच नियम लावला. दोन पुस्तकं तर नुसती माशांच्या नावांची यादी होती. तिसरं भलंमोठं, गुळगुळीत, पानोपानी रंगीत प्रवाळ. त्यात एकही मासा मरत नव्हता. लिहिणाऱ्याने समुद्रात बुड्या मारल्या होत्या, टाकी धुतली नव्हती. चौथं बारकं, चित्रं नाहीत, कागद मळकट. पण त्या माणसाने आपले कुठले जीव कशाने मेले हे शरम न बाळगता लिहिलं होतं. पाण्याचा खारेपणा कसा मोजायचा, नव्या टाकीत घाईने मासे का सोडू नयेत, मेलेला जीव तासाभरात का काढायचा, सगळं होतं. आखूडशिंगी, बहुदुधी म्हणतात तसं पुस्तक.

ते त्याने तीन दुपारी बसून वाचलं, वहीत उतरवून घेतलं आणि परत पाठवून दिलं. ठेवलं रंगीत. बुडू दे समुद्र एकदा, मग कळेल कुणाला काय येतं ते, असं त्याने मनात स्वच्छ म्हटलं.

अलीम दुधाच्या कॅनांतून पाणी घेऊन आला. सोबत तीन नारिंगी मासे, थोडं प्रवाळ आणि एक समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा जिवंत प्राणी. पुस्तक चाळून म्हणाला, "भाऊ, तुम्ही निवडलंय म्हणजे बघायला नको." टाकी भरली, आणि आर्ट्सची पोरंपोरीसुद्धा तिच्यासमोर गर्दी करू लागली. पलीकडच्या टाकीतल्या मरळांकडे पाठ करून उभी राहायची. गहिनीनाथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पाचव्या आठवड्यात समुद्रफूल दगडाआड आक्रसलं आणि मेलं. गहिनीनाथने टाकीवर वाकून वास घेतला आणि ओळखलं. दगड उचलला असता तर पाच मिनिटांचं काम. तो काही बोलला नाही. पाणी दुधी झालं, तिसऱ्या दिवशी एक मासा गेला, चौथ्या दिवशी दुसरा. अलीम ते रंगीत पुस्तक पुढून मागून चाळत बसलेला. पाचव्या दिवशी उरलेला मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला, आणि ते मात्र गहिनीनाथला सोसवेना. त्याने बाही वर सारली, कुजका गोळा बाहेर काढला, निम्मं पाणी उपसून राखून ठेवलेल्या कॅनांतलं भरलं. संध्याकाळपर्यंत मासा खाली जाऊन पोहायला लागला.

दुसऱ्या दिवशी अलीमने सगळ्या प्राध्यापकांसमोर सांगितलं, "पुस्तकं राहू द्यात. कडलगभाऊंचा अनुभव बघा." अकरा वर्षांत पहिल्यांदा गहिनीनाथसाठी टाळ्या वाजल्या. मग अलीमने त्याच्यापुढे एक कोरी वही ठेवली. "भाऊ, तुम्हाला येतं ते सगळं यात लिहा. पुढच्या वर्षीपासून पोरांना हेच संदर्भाला देऊ. वर तुमचं नाव."

गहिनीनाथ लिहायला बसला. एक पान झालं, आणि ते सगळं त्या बारक्या पुस्तकातलं होतं. दुसऱ्याचं नाव असं चारचौघांत कौतुकाने घेणं अलीमला किती सहज जमतं, याचाही त्याला हेवा वाटला, आणि मग स्वतःचीच किळस आली. तो वही घेऊन अलीमकडे गेला.

"सर, हे माझं न्हाई. त्या चारांत एक बारकं पुस्तक हुतं. मी वाचलं आन् परत धाडलं."

"चुकून?"

"न्हाई. चांगलं हुतं म्हणून."

अलीमने वही मिटली. "मेलेला जीव लगेच काढायचा, हे त्यात होतं?"

"व्हय."

"मग चार दिवस तुम्ही काय बघत होतात?"

गहिनीनाथने खरं तेच सांगितलं. "तुमच्याकडची गर्दी. माझ्या मरळांकडं अकरा वर्सांत कुनी वळून बघितलं न्हाई. लई जळत हुतो मी."

अलीमने कागद पुढे केला. "पुस्तकाचं नाव लिहा. आजच मागवतो."

गहिनीनाथने नाव लिहिलं. लेखक, प्रकाशक, सगळं त्याला पाठ होतं. अलीमने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"आणि भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "यापुढं माझ्या टाकीत हात घालू नका."