चौऱ्याण्णव मुलांची ओळ

मी फलक बोलतोय. वर्गातला फळा नव्हे; तो माझा चुलतभाऊ. त्याच्याकडे बघून मुलं शिकतात. माझ्याकडे बघून कुणी काही शिकल्याचं ऐकिवात नाही, साहेब लोकांनी तर नाहीच.

माझा जन्म एका शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात झाला. तेव्हा शाळांमधून सुतारकाम शिकवत असत. सुतारसरांनी आणि सातवीच्या मुलांनी मिळून मला घडवलं, घासलं, काळा रंग दिला. मग शिक्षण मंडळाच्या मुख्य कार्यालयात, साहेबांच्या खोलीबाहेर, मला थाटात टांगलं. माझ्यावर पहिलीच नोंद कोणती झाली असेल? ‘सुतारकाम शिक्षक: पद रद्द.’ सर मला टांगून, हातोडी पिशवीत घालून जिना उतरत होते, तेवढ्यात ती लिहिलीसुद्धा. सरकारी काम इतकं झटपट झालेलं मी त्यानंतर पुन्हा कधी पाहिलं नाही.

आमचं मंडळ मध्यम आकाराचं. सव्वीस शाळा. म्हणजे बातमी व्हावी इतकं मोठं नाही आणि दया यावी इतकं लहान नाही. सगळ्या शाळांची पटसंख्या, मंजूर शिक्षक, हजर शिक्षक, रिक्त जागा असे रकाने माझ्यावर होते. ते भरायचं काम लेखनिकाकडे. त्याला सगळे आकडेमामा म्हणत. अक्षर असं की रिक्त जागासुद्धा बघत राहाव्यात. एकोणीस वर्षं मामांनी माझ्यावर लिहिलं आणि पुसलं. जे वरून आलं ते लिहिलं, जे वरून आलं तेच पुसलं. घरी पगार, डोक्याला शांतता.

त्या एकोणीस वर्षांत गाव बदललं. जुन्या पेठेतली मुलं कमी झाली. जी होती ती मोटारीत बसून खाजगी शाळेत जाऊ लागली. गावाबाहेर मोठमोठी गोदामं उभी राहिली आणि तिथे पार्सलं निवडायला, चढवायला दूरदूरची माणसं बिऱ्हाडं घेऊन आली. त्यांच्या घरी बोलायची भाषा वेगळी. त्यांची मुलं चौदा नंबरच्या शाळेत येऊ लागली.

आता मंडळाचा नियम ऐका. वर्षातून एका दिवशी पट मोजायचा. दर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक. पुस्तकं, जेवण, दुरुस्तीचा निधी, सगळं त्याच आकड्यावर. आणि ज्या मुलाकडे आधीच्या शाळेचा दाखला नाही, ते मूल ‘तात्पुरतं’. तात्पुरतं मूल वर्गात बसू शकतं, वर्गात नापास होऊ शकतं, फक्त मोजता येत नाही.

तीन नंबरच्या शाळेत त्रेसष्ट मुलं आणि सहा शिक्षक होते. तिथे मंडळाच्या अध्यक्षांच्या सूनबाई शिकवत. हा निव्वळ योगायोग असल्याचं अध्यक्षांनी दोन सभांत सांगितलं होतं.

एके दिवशी चौदा नंबरच्या मुख्याध्यापिका कार्यालयात आल्या. उंच बाई, छत्री काखेत धरून चालायच्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि आपली ओळ वाचली: पट तीनशे अठरा, मंजूर शिक्षक नऊ, हजर सात.

“मामा, माझ्याकडे चारशे बारा मुलं आहेत. बाकीची चौऱ्याण्णव गेली कुठे?”

“बाई, ती तात्पुरती आहेत.”

“दुपारी जेवायला बसतात तेव्हा तात्पुरतीच जेवतात असं वाटतं का तुम्हाला?”

मामा डस्टर झटकू लागले. बाई म्हणाल्या, “तुम्ही हे अक्षर इतकं सुंदर काढता. एकदा येऊन मोजा तरी. मग काय लिहायचं ते लिहा.”

मामांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी एक दिवस रजा टाकली. एकोणीस वर्षांतली पहिली, तीही लग्नकार्य नसताना. शिपाई विचारत राहिला, “मामा, बरं आहे ना?”

ते चौदा नंबरला गेले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. शिपायाला सांगत होते. एका वर्गात अठ्ठावन्न मुलं. तीन मुलं खिडकीच्या कट्ट्यावर. वर्गाच्या दाराशी एक मुलगी वही भिंतीला टेकवून उभ्यानं लिहीत होती. मामांनी तिला विचारलं, “बसत का नाहीस?” ती म्हणाली, “माझी पाळी दुपारून आहे. बसायची.”

“तीनदा मोजली,” मामा म्हणाले. “तिन्ही वेळा चारशे बारा भरली.”

“मग?” शिपायानं विचारलं.

“मग काय. भरली.”

त्याच सुमारास वरून समिती येणार असं ठरलं. कार्यालयाला रंग दिला, कुंड्या आणल्या, मलाही तेलाचा हात फिरवला. शाळांच्या दुरुस्तीला निधी नव्हता, पण कुंड्यांचा रकाना वेगळा असतो म्हणे. समितीच्या दिवशी सकाळी मामांनी सगळे आकडे नव्यानं लिहिले. शेवटी खडू खाली ठेवला. परत उचलला. आणि तळाला, माझ्यावर कधीच नव्हती अशी एक ओळ लिहिली:

‘शाळेत येणारी पण न मोजलेली मुले: ९४.’

अक्षर नेहमीसारखंच.

साहेब खोलीतून बाहेर आले. “हे काय आहे?”

“ओळ आहे, साहेब.”

“कुणी सांगितली लिहायला?”

“कुणी नाही. मोजून आलो.”

साहेबांनी डस्टर उचललं, तेवढ्यात जिन्यात समितीचे बूट वाजले. साहेबांनी डस्टर पाठीमागे लपवलं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं.

समितीच्या प्रमुखांनी चष्मा लावला. ओळ वाचली. मी श्वास रोखून धरला, फलकाला असतो तेवढा. प्रमुख म्हणाले, “वा! पारदर्शक कारभार आहे.” साहेबांनी लगेच मान डोलावली. “आमचा हा नवीन उपक्रम आहे, सर.” माझ्यासोबत सगळ्यांचा फोटो निघाला. मामांना फोटोत घेतलं नाही. फोटो काढायला त्यांनाच उभं केलं होतं.

दोन महिन्यांनी समितीचा अहवाल आला. चौऱ्याण्णव मुलांसाठी केलेली शिफारस अशी: ही ओळ सर्व शाळांच्या फलकांवर पक्क्या रंगानं लिहावी. ओळ मंजूर झाली. शिक्षक झाले नाहीत.

मामांची मात्र बदली झाली. ‘प्रशासकीय सोयीसाठी’, चौदा नंबरच्या शाळेत. मंडळात कुणाला शिक्षा करायची असली की शाळेत पाठवतात, यावरून शाळांबद्दल काय मत आहे ते समजावं. माझ्या जागी भिंतीवर एक मोठा टीव्ही आला. त्यावर साहेबांचा हसरा फोटो दिसतो आणि आकड्यांच्या जागी एक गोल चक्र फिरत राहतं. मला भंगारात काढणार होते. मामा म्हणाले, “मी नेतो.” शाळेत जेवण पोचवणाऱ्या टेम्पोतून, पातेल्यांच्या शेजारी बसून, मी निघालो.

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला दारात पाहिलं. मामांना म्हणाल्या, “शिक्षक मागितला होता. लेखनिक आणि फळी आली. असो. दोघंही आत या.”

मला पाचवीच्या वर्गात टांगलं, कारण तिथला फळा मधोमध तडकला होता. दुपारनंतर मामा गणित घेऊ लागले. पहिल्या दिवशी इतके घाबरले की आकडे माझ्याकडे तोंड करून शिकवले. मागून एक मुलगा म्हणाला, “सर, इकडे पण आम्ही आहोत.”

पट मोजायचा दिवस जवळ येत होता. मामांनी चौऱ्याण्णव मुलांच्या आधीच्या शाळांना पत्रं धाडली. एकावन्न दाखले आले. त्रेचाळीस आले नाहीत. काही शाळांनी उत्तर दिलं नाही, काही शाळाच उरल्या नव्हत्या. मामा नियमावली उघडून बसले आणि एका दुपारी जोरात हसले. बाई धावत आल्या.

“बाई, कलम सतरा. दाखला नसल्यास आईनं किंवा वडिलांनी मोजणीच्या दिवशी समक्ष येऊन लिहून दिलं की पुरतं.”

“हे कधीपासून आहे?”

“अकरा वर्षांपासून.” मामांचं हसू मावळलं. “मीच टाइप केलं होतं. वाचलं नव्हतं.”

मामांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. अकरा वर्षांत किती मुलं पुसली गेली असतील, याचा हिशेब त्यांनी माझ्यावर कधी लिहिला नाही.

अडचण अशी की आयांची गोदामातली पाळी सकाळी सातला सुरू होई आणि मोजणी अकराला. जेवणाची सुट्टी अर्धा तास. गोदामापासून शाळा वीस मिनिटं. गणित मामांना येत होतं. हे जमणारं नव्हतं. बाई गोदामाच्या फाटकाशी तीन दिवस छत्री घेऊन उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी मुकादम कंटाळून म्हणाला, “जा घेऊन. पण एक तास. आणि टेम्पो देतो, चालत गेल्या तर संध्याकाळ होईल.”

मोजणीच्या दिवशी तो टेम्पो आला आणि त्यातून पार्सलांसारख्या दाटीनं बाया उतरल्या. मोजणी अधिकारी माझ्याखालीच टेबल टाकून बसला होता. पहिल्या बाईनं तीन मुलं पुढे ढकलली. तिच्या बोटांना चिकटपट्टी लागलेली होती.

“तीन पोरं. तिन्ही लिहा. एक पण कमी नको.”

अधिकाऱ्यानं रकाना विचारला, “घरची भाषा?”

“घरी आमची. शाळेत तुमची. बाजारात दोन्ही.”

“एकच लिहायची असते.”

“मग पोरांना विचारा. त्यांना लिहिता येतं.”

मोठ्या मुलीनं कागद ओढून घेतला आणि दोन्ही लिहिल्या. अधिकाऱ्याला रकान्यातून शब्द बाहेर गेल्याचं फार दुःख झालं.

मधल्या काळात तीन मुलं आईबापांबरोबर दुसऱ्या गावी गेली होती. पट भरला चारशे नऊ. मामांनी तो आकडा माझ्यावर लिहिला आणि खडू मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात दिला. त्यांनी त्याखाली रेघ ओढली. वाकडी आली. त्यांचं अक्षर तसंही फार चांगलं नाही.

अकरा शिक्षक मंजूर झाले. आला एक. तीन नंबरच्या शाळेतले इतिहासाचे सर, जास्तीचे ठरले म्हणून. अध्यक्षांच्या सूनबाई जास्तीच्या ठरल्या नाहीत. त्यांना मुख्य कार्यालयात ‘पट वाढवा मोहिमे’च्या प्रमुखपदी नेमलं. इतिहासाचे सर आठवडाभर फुगून बसले. मग एका मुलानं त्यांना आपलं गाव नकाशात शोधून मागितलं आणि सर तासभर नकाशावर वाकून राहिले. आता डबा वर्गातच खातात.

तर असा मी. एक कोपरा उडालाय, रकान्यांच्या जुन्या रेघा अजून दिसतात. त्यांच्यामधूनच मुलं भागाकार सोडवतात.

गेल्या आठवड्यात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. मंडळाच्या इतिहासाचं दालन उघडायचं आहे, त्यात काचेमागे ठेवायला ‘तो ऐतिहासिक फलक’ त्वरित परत पाठवावा. मामांनी पत्र वाचून माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी उभ्या उभ्या उत्तर सांगितलं, मामांनी लिहून घेतलं:

‘सदर फलक इयत्ता पाचवीत अध्यापनाच्या कामावर रुजू आहे. शाळेत तीन पदे रिक्त असल्याने, बदली शिक्षक हजर झाल्याशिवाय त्यास कार्यमुक्त करता येत नाही.’

साहेब, माझी काही हरकत नाही. काचेमागे उभा राहीन, फोटोही काढून घेईन. तेवढा शिक्षक पाठवा.