करवलीच्या कानांवरचा मी

मी बोलतोय. समीक्षाच्या कानांवर बसलेला मी. दोन पिवळ्या वाट्या, आत स्पंज आणि डोक्यावरून जाणारी एक पट्टी, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला इअरमफ म्हणतात. माझ्यात गाणी वाजत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, कारण 'कुठलं गाणं लागलंय गं?' हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. मी आवाज अडवतो. तेवढंच करतो, पण चोख करतो.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मी कुपवाडच्या एका कारखान्यात होतो. समीक्षाचे वडील आप्पासो तिथे प्रेस मशीनवर कामाला आहेत. पत्रा दाबताना ते मशीन असे दणके देतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दोन वर्षं मी आप्पासोंच्या कानांवर होतो. तिथे मला कुणी हसलं नाही. उलट इअरमफ घरी विसरून आलेल्यालाच साहेब ओरडायचे.

मग नवे इअरमफ आले आणि आप्पासोंनी साहेबांना विचारून मला कवठे महांकाळजवळच्या आपल्या गावी नेलं.

घरात धाकटी समीक्षा होती, तेव्हा तेरा वर्षांची. मिक्सर लागला, कुकरची शिट्टी झाली की ती कान दाबून किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. कुणी म्हणायचं, लाडानं बिघडलीय. कुणी अंगारा आणून द्यायचं. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावलं होतं की ही मुलगी स्वमग्न आहे, आणि जो आवाज आपल्याला नुसता मोठा वाटतो तो हिला दुखतो. "दुखतंय म्हणल्यावर कायतरी कराय नगं व्हय?" असं म्हणून आप्पासोंनी मला तिच्यापुढे ठेवलं. तिच्या डोक्यावर चढवलं नाही, नुसतं ठेवलं. दोन दिवस ती माझ्या स्पंजला बोट लावून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः मला घातलं.

तिथून आम्ही दोघांनी गाव पालथं घातलं. आठवडी बाजार, एसटी, पप्पूची पिठाची गिरणी. पप्पूनं तिला सांगून ठेवलं, "दुपारी ये, तवा गर्दी नसत्या." एवढ्यानं भागतं हो! पण एवढंही करायला काही माणसांच्या जिवावर येतं.

यंदा तिच्या मोठ्या बहिणीचं, मायाचं लग्न ठरलं, सैन्यातल्या साईराजशी. आमच्याकडे नवरीची धाकटी बहीण करवली होते आणि मंगलाष्टकांच्या वेळी पाण्याचा करा घेऊन नवरीच्या मागे उभी राहते. आत्या हरणाबाईंनी महिनाभर आधीच विषय काढला.

"आप्पा, करवली माझ्या नातीला कर. समीला घरातच बसू दे. फोटूत ती पिवळी डबडी कशी दिसत्याली?"

डबडी! मला राग आला. पण मायाचा आवाज माझ्याही आधी चढला.

"आत्या, करवली माझी भन हाय. डबड्यासकट."

मग आठ दिवस दोघींनी परड्यात सराव केला. मोबाईलवर मंगलाष्टकं लावायची, करा धरायचा. अक्षता मानेवर पडल्या की समीक्षा कळवळायची. पदर मानेवरून गच्च घेतला की चालतं, हे तिनंच शोधून काढलं.

लग्नाच्या दिवशी ती हिरवी साडी नेसून मायाच्या मागे ताठ उभी राहिली. तीन मंगलाष्टकं झाली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात फोटोवाला पुढे आला आणि हरणाबाईंनी मागून हात घालून मला उपसलं. "फोटू निघंस्तवर ऱ्हाऊ दे गं बाजूला!" नेमकं तेव्हाच अक्षता उडाल्या आणि बँजोवाल्याला वाटलं, लागलं लग्न. एकदम बँजो, ताशा आणि फटाक्यांची माळ.

समीक्षाच्या हातून करा पडला. ती कानांवर बुक्क्या मारत मांडवाबाहेर पळाली. मी हरणाबाईंच्या मुठीत होतो. असून नसल्यासारखा. आयुष्यात इतका निरुपयोगी मी कधी झालो नव्हतो.

"करा सांडला, अपशकुन झाला," कुणीतरी कुजबुजलं. अंतरपाटाआडून माया पाटावरून उतरली. तिनं मला हरणाबाईंकडून काढून घेतलं आणि मुंडावळ्यांसकट चालू लागली. भटजी म्हणाले, "मुलीला बोलवा, मुहूर्त टळतोय."

"टळू द्या," पलीकडून साईराज बोलला. "आमी तोफंजवळ कान झाकतो, तवा कुणी हसत न्हाई. आन पयलं ते वाजवायचं बंद करा."

पाण्याच्या टँकरच्या सावलीत समीक्षा अंगाचं मुटकुळं करून बसली होती. मायानं मला तिच्यासमोर धरलं आणि शालूची पर्वा न करता मातीत बसली. समीक्षानं मला ओढून घेतलं. तिच्या कानांमागची शीर थडथड उडत होती. मी मिठी मारावी तसा बसलो. माया चल म्हणाली नाही.

पाऊण तास गेला. मग समीक्षा आपली आपण उठली, करा मागवून घेतला, टँकरच्या तोटीखाली भरला आणि जाऊन पाटामागे उभी राहिली. हरणाबाई एक पाऊल मागे सरकल्या. मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शेवटच्या अक्षता पडल्या, आणि सगळा मांडव गप्प राहिला.

बँजोवाला चाचरत तिच्याजवळ आला. "ताई, आता वाजवू का?"

"न्हाई," समीक्षा म्हणाली.

आणि त्यानं वाजवलं नाही. वरातीची गाडी शिवेबाहेर जाईस्तोवर नाही.

आज माझी पट्टी तडकलीय, स्पंज भुगा होतोय. माझ्या जागी नवा भाऊ आणायचं आप्पासो म्हणतात. येऊ दे, मी कुरकुरणार नाही. पण तुम्हाला बजावून ठेवतो. बाजारात, एसटीत, लग्नात माझ्यासारखा कुणाच्या कानांवर दिसला, तर हसू नका, हात घालू नका. विचारा. आणि उत्तर 'न्हाई' आलं, तर न्हाई.