भद्रकालीतली सीतेची वेणी

निसार पत्र्याच्या ट्रंका रंगवायचा. भद्रकालीतल्या त्याच्या दुकानातून ट्रंक घेतल्याशिवाय नाशकातली नवरी सासरी जात नसे, असं लोक म्हणायचे. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण त्याच्या गुलाबांना तोड नव्हती हे मात्र खरं. हिरव्या नाहीतर निळ्या रंगावर भरगच्च, तांबडेलाल गुलाब. सगळी गिऱ्हाइकं गुलाबच मागायची, आणि निसार वर्षानुवर्षं गुलाबच काढायचा.

ते गुलाब फुलायचे मात्र त्याच्या बायकोच्या, खुर्शीदाच्या हाताखाली. दुकानामागच्या परड्यात एक आड होता, आडाशी म्हातारं आंब्याचं झाड, आणि बाकीच्या जागेत तिने काय लावलं नव्हतं ते विचारावं. एकुलती एक लेक शहनाज लग्न होऊन मालेगावला गेली, तसा तिचा सगळा जीव या परड्यात आला. दिवाळीच्या सुमारास शेवंती फुलली की ती ताटात ओतून नुसती बघत बसायची. थंडीत मेथीची जुडी खुडून आणायची, चुलीत वांगं भाजायची आणि बाजरीची भाकरी थापून नवऱ्याला आंब्याखालीच जेवायला बसवायची. श्रावणात टांगा करून सोमेश्वरचा धबधबा बघायला जायचं आणि येताना गंगापूरच्या वाटेवरून कसलीतरी रोपं पदरात बांधून आणायची, हा तिचा नेम होता.

बागेच्या बाबतीत तिला एकच माणूस टोकायचा, तिचे थोरले दीर हारुनभाई. एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर ते मुख्य माळी होते. विलायती झाडांची नावं त्यांच्या जिभेवर असायची. दर शुक्रवारी नमाजानंतर ते यायचे, हात मागे बांधून परड्यात फिरायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे. घरच्या मानाने बरं आहे." खुर्शीदा हसून चहा पुढे करायची, पण ते 'घरच्या मानाने' तिला बोचायचं.

एकोणीसशे चौतीस साली ज्येष्ठाच्या सुरुवातीला निसार डोंगरातल्या पेठ गावच्या बाजाराला ट्रंका घेऊन निघाला. सर्व्हिस मोटारीच्या टपावर ट्रंका आणि आत खुर्शीदा. सावळ घाटातला वारा तिला फार आवडायचा. बाजारात करवंदं विकायला बसलेल्या एका बाईच्या अंबाड्यात तिला ते फूल दिसलं. फूल कसलं, फुलांची वेणीच ती. पांढरी, बारीक, एकाला एक लागलेली फुलं, त्यांच्यावर जांभळट गुलाबी ठिपके, आणि ती वेणी मानेवर वळून पाठीवर लोंबत होती.

करवंदं राहिली बाजूला. खुर्शीदा तिच्यासमोर बसकण मारून बसली. "बाई, हे कसलं फूल?"

बाईचं नाव कुसाबाई. ती म्हणाली, "ही सीतेची वेणी. झाडावर येते. मातीत नाय येत."

"मला रोप मिळेल?"

"सडकेसाठी आंबा पाडलाय तिकडं. त्याच्यावर हाय. ने ना, नायतरी सुकूनच जायची."

बाजार उठल्यावर कुसाबाईने नेऊन दाखवलं. आडव्या पडलेल्या झाडाच्या फांदीला जाड, पट्ट्यासारख्या पानांचा एक गड्डा घट्ट चिकटला होता. निसारने चाकूने सालीसकट तो सोडवला. परतीच्या मोटारीत खुर्शीदाने तो मांडीवर घेतला होता, तान्हं मूल घ्यावं तसा.

पुढच्या शुक्रवारी हारुनभाईंनी तो पाहिला आणि मान हलवली. "आमच्या साहेबांनी असली झाडं मागवली होती. काचेच्या घरात ठेवली, तरी गेली. नाशिकच्या उन्हात हे जगायचं नाही, खुर्शीदा. डोंगरातली वस्तू डोंगरात."

"बघू या, भाईजान," एवढंच ती म्हणाली.

तिने काथ्याच्या दोरीने तो गड्डा आंब्याच्या बुंध्याला बांधला. पावसाळाभर तो मजेत राहिला, नवी मुळंसुद्धा सोडली. पाऊस सरल्यावर मात्र ती घाबरली. आता याला तहान लागेल म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत सुटली, आणि थंडी पडता पडता मुळं काळी पडायला लागली. दोन पानं हातात आली. हारुनभाई नुसते खाकरले. ते खाकरणं बोलण्याहून वाईट होतं.

खुर्शीदाने ठरवलं, की हे रोप ज्या घरची लेक आहे त्या घरीच जाऊन विचारावं. "शहनाजचे अब्बा," ती नवऱ्याला म्हणाली, "मला ऐन थंडीत पेठला न्या."

"थंडीत तिथे काय आहे? फूल नाही, फळ नाही."

"म्हणूनच."

बरोबर भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून दोघं गेली. पेठच्या अलीकडे उतरून रस्त्याकडेच्या झाडांकडे माना वर करून हिंडली. तिथे तिला ते दिसलं. उंच फांद्यांवर वेणीचे गड्डेच्या गड्डे होते, पण सगळे कोरडे ठणठणीत. पानं सुरकुतलेली, मुळं राखेसारखी पांढरी. मेलेलं मात्र एकही नव्हतं. झाडं नुसती निजली होती. आणि प्रत्येक गड्डा होता तो फांदीच्या सावलीच्या अंगाला, वारा खेळेल अशा जागी.

"मी झोपलेल्या पोराच्या तोंडात घास कोंबत होते," ती म्हणाली. निसार इतका हसला की भाकरीचा ठसका लागला.

घरी येऊन तिने पाणी तोडलं. गड्डा सोडून बुंध्याच्या वरच्या बेचक्यात, सावलीच्या बाजूला बांधला. उन्हाळ्यात पश्चिमेकडून गोणपाटाचा पडदा लावला आणि तो भिजवत राहिली, म्हणजे झळ आत येईपर्यंत गार व्हायची. त्या वर्षी फूल आलं नाही, पण झाड जगलं. त्याच्या पुढच्या वर्षी, वैशाख सरता सरता, पानांच्या बगलेतून एक हिरवा कोंब डोकावला. खुर्शीदाने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा. तिला वाटायचं, बोललं तर दृष्ट लागेल.

मग एका सकाळी ती पाणी शेंदायला आडाशी गेली आणि हातातला दोर तसाच सुटला. बादली धाडकन खाली गेली. निसार धावत आला. आंब्याच्या बेचक्यातून हातभर लांब वेणी लोंबत होती आणि पहिलं ऊन तिच्यावर पडलं होतं.

मग निसार आत जाऊन रंगाच्या वाट्या आणि एक पत्र्याचा तुकडा घेऊन आला.

"तुकड्यावर कशाला?" खुर्शीदा म्हणाली. "ती हिरवी ट्रंक तयार आहे ना, गुरुजींची?"

पंचवटीतले उपाध्ये वेणीमाधव यांच्या धाकट्या लेकीचं, सुमेधाचं, लग्न ठरलं होतं. ट्रंक तिचीच होती. "त्यांनी गुलाब सांगितलेत," निसार म्हणाला.

"नाही आवडली तर मी ठेवून घेईन. माझ्या लग्नातल्या ट्रंकेवर तुम्ही काही काढलंच नव्हतं."

हे खरं होतं. निसारने ट्रंक आंब्याखाली आणली आणि मांडी ठोकली. इतकी वर्षं त्याचा हात डोळे मिटून गुलाब काढायचा, आज त्याला दर फुलाशी थांबून बघावं लागत होतं. खुर्शीदा शेजारी बसून सांगत होती, "ठिपके सारखे नाहीत बघा. देठाकडे दाट, कडेला विरळ." त्याने रंग पुसला, पुन्हा लावला. दुपारचं जेवणही तिथेच झालं. ऊन उतरलं तेव्हा ट्रंकेच्या झाकणावरून एक वेणी खाली कुलपापर्यंत उतरली होती, आणि ती वाऱ्याने हलेल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वेणीमाधव लेकीला घेऊन आले. ट्रंक पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "निसारमियाँ, गुलाब सांगितले होते."

सुमेधा मात्र ट्रंकेपाशी खाली बसली होती. रंगाला न टेकवता, हवेतच तिने वेणीवरून बोट फिरवलं. "बाबा, मला हीच हवी. हे फूल खरंच असतं का हो?"

आतल्या दाराच्या पडद्याआडून खुर्शीदा पुढे झाली. "ये बेटी, दाखवते."

ती त्या दोघांना परड्यात घेऊन गेली. सुमेधा आंब्याखाली मान वर करून उभी राहिली. वेणीमाधवांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "याला म्हणतात काय?"

"सीतेची वेणी, गुरुजी."

वेणीमाधवांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की निसारचा जीव भांड्यात पडला. "पंचवटीची मुलगी सासरी चाललीय, आणि आम्ही गुलाब मागत होतो," ते म्हणाले. "तुमच्या हाताला यश आहे, बाई."

ट्रंक हमालाच्या डोक्यावरून निघाली ती थेट पंचवटीपर्यंत लोकांना थांबवत गेली. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत चौघांनी तरी हमालाला विचारलं, कुणाच्या दुकानची. रुखवतात ती मधोमध मांडली होती म्हणे. त्यानंतर तांबट आळीतून, जुन्या नाशकातून, कुठून कुठून बायका परड्यात यायला लागल्या. खुर्शीदा प्रत्येकीला झाडाखाली नेऊन उभी करायची आणि पेठच्या थंडीची गोष्ट पहिल्यापासून सांगायची. निसारच्या दुकानात तर गुलाबाचं नाव कुणी काढेना.

शुक्रवारी हारुनभाई आले. हात मागे बांधून परड्यात शिरले ते आंब्यापाशी गेले आणि हात आपोआप सुटून पुढे आले. त्यांनी एक फूल बोटाने उचलून धरलं, ठिपके पाहिले, मुळं पाहिली, गोणपाटाचा पडदा पाहिला. खुर्शीदा वाट बघत होती.

"साहेबांच्या बंगल्यावर नाही असं," ते शेवटी म्हणाले. "साऱ्या जिल्ह्यात कुठल्याच बंगल्यावर नसेल. कसं केलंस ते मला नीट सांग."

"सांगते. आधी बसा, भाईजान."

तिने आमरसाची वाटी आणि वर साजूक तूप सोडलेल्या शेवयांचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. हारुनभाई जेवत होते, मधेच थांबून विचारत होते, आणि ती उत्तरं देत होती, पाणी कधी तोडायचं, पडदा कुठल्या बाजूला, बेचकं कसं निवडायचं. निसार दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून दारात येऊन उभा राहिला. थोरल्या भावाला इतकं मन लावून कुणाचं ऐकताना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. खुर्शीदाने न विचारताच भाईजानच्या वाटीत आणखी रस वाढला आणि पुढचं सांगायला लागली.