सह्यांच्या क्रमाने

घरकर्जाचा व्याजदर वाढला की बँक लगेच हप्ता वाढवायची. दर उतरला की मात्र गप्प. जो अर्ज करेल त्यालाच कमी दर, आणि अर्ज करावा लागतो हे कोणी सांगायचं नाही. गल्लीतल्या न्हाव्याला हे एका गिऱ्हाइकाची दाढी करताना कळलं. त्याने त्याच बँकेचं कर्ज असलेल्या शेजाऱ्यांना दुकानात बोलावून, बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीकडे जादा घेतलेलं व्याज परत मागणारी तक्रार लिहिली. सह्यांच्या वेळी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत हा भिडस्त माणूस शेवटी राहिला.

मग मोजणीवाला येऊ लागला. बँकेचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात फीत. घराची आजची किंमत ठरवायचीय म्हणायचा, पाणी प्यायचा, खोल्या मोजून जायचा. आधी तो घड्याळजीकडे आला. घड्याळजीने तक्रार मागे घेतली. मग शिंपीणकाकूंनी. मग जुळ्यांच्या वडिलांनी.

"सह्या केल्या त्याच क्रमाने येतोय," न्हाव्याची बायको म्हणाली. "आता आपणच उरलो."

"योगायोग असेल गं."

"हो, आणि तुमच्या टकलावर केस आहेत."

सुनावणीच्या आदल्या दिवशी तो आला. स्वयंपाकघर, मोरी, खाटेखालची जागासुद्धा त्याने मोजली.

"किंमत उतरलीय, वहिनी," फीत गुंडाळत तो म्हणाला. "आता बँक उरलेलं कर्ज एकदम मागू शकते. नाही दिलं तर घर जाईल. उद्या जाऊ नका."

"हे दारोदार सांगताना जीभ अडखळत नाही तुमची?"

"माझंही घर याच बँकेकडे गहाण आहे. ते मोजायला दुसरा येतो."

सकाळी न्हाव्याने स्वतःची दाढी करताना गाल कापून घेतला. तरी दोघं निघाली.

सुनावणीच्या खोलीत बाकीच्या तक्रारदारांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. समोर बँकेचे वकील, आणि कडेला किंमत उतरल्याची साक्ष द्यायला आणलेला मोजणीवाला.

"बाकीचे कुठे आहेत?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"त्यांची घरं मोजून झाली, मॅडम," न्हाव्याची बायको म्हणाली, आणि कोणाकडे आधी, कोणाकडे नंतर, सगळं सांगितलं.

बाईंनी तक्रारीवरच्या सह्या पुन्हा पाहिल्या. "घरं कोणत्या क्रमाने मोजायची, हे कोणी ठरवलं?"

"हा प्रश्न इथे—" वकील उठले.

"तुम्हाला नाही विचारलं."

मोजणीवाला उभा राहिला. फीत ओढत, सोडत राहिला. मग म्हणाला, "बँकेने नावं दिली, तशी मोजली. किंमत किती लिहायची तेही आधीच सांगितलं होतं."

बाईंनी सगळ्या तक्रारदारांना पुन्हा बोलवायचा हुकूम लिहिला. बँकेला हिशोब मागितला.

जिन्यात मोजणीवाला भिंतीला टेकून उभा होता. खालून वकिलांचा फोनवरचा आवाज येत होता. त्याचंच नाव चाललं होतं.

"आता माझ्याकडे येतील," तो म्हणाला.

"पत्ता सांगा," न्हावी म्हणाला.

"कशाला?"

"ते मोजत असतील तेव्हा आम्ही तिथे बसू."